काँगोचा कंत्राटदार

२००६ साली बाबा नागपूरहून अमेरिकेत, कॅरीला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली होती. मी कंपनीत पर्मनंट नव्हतो. एका देशी कन्सल्टन्सीने मला तिथे भाड्याने दिलं होतं. बाबांनी मात्र मुलगा पर्मनंट झाला म्हणून अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले होते.

शेजारी पासष्टीचा एक गोरा म्हातारा राहायचा. दंडावर गोंदलेला साप आणि कायम लॉनमोअरची खटपट. बाबांचं इंग्रजी बांधकाम खात्यातल्या फायली वाचण्यापुरतं, आणि त्याचं दक्षिणी इंग्रजी मलाही अर्धंच कळायचं. तरी कुंपणाशी दोघांची गट्टी जमली आणि दुभाषा म्हणून मी फुकट राबू लागलो.

एका शनिवारी बाबांनी मला विचारायला लावलं, तरुणपणी हा काय करायचा?

"कॉन्ट्रॅक्टर होतो. काँगोत."

हा शब्द भाषांतराशिवाय पोचला. बाबांची कळी खुलली. माणसाची तीस वर्षं कंत्राटदारांची बिलं अडवण्यात गेलेली! "विचार त्याला, रस्ते का पूल?"

"पूल. चार."

"वा! टिकले का?"

"एकही नाही."

"तरीच," बाबा मला म्हणाले, "सिमेंट खाल्लं असणार."

तेवढ्यात म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी स्फोट करून दाखवला, तोंडाने आवाजासकट. बाबा दोन पावलं मागे सरकले.

"म्हणजे पूल उडवायचा? भाडोत्री शिपाई? विचार, कोणाकडून लढला?"

"पगार देईल त्याच्याकडून," तो म्हणाला. "तुमच्या मुलासारखंच. पाठवतील तिथे जायचं, कॉन्ट्रॅक्ट संपलं की बॅग भरायची."

हे मीच कधीतरी त्याच्याजवळ बोलून बसलो होतो.

"तो म्हणतो, तुमचा मुलगा फार मेहनती आहे," मी भाषांतर केलं.

बाबांनी मान डोलावली. "विचार, याच्या वडलांना ठाऊक होतं का हे?"

म्हाताऱ्याने दंडावरचा साप चोळला. मग म्हणाला, "नाही. ते गेले तोवर त्यांना वाटत होतं, मी खाणीत कारकून आहे. दर पत्रात सांगावंसं वाटायचं."

मला फार वाईट वाटलं. हे मात्र मी शब्दन् शब्द बाबांना सांगितलं.

बाबा कुंपणाकडे पाठ करून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आणि तुझं कंत्राट कधी संपतंय?"

"मार्चमध्ये, बाबा."