‘काहींच्या मते’ खपवून न घेणाऱ्या शरयूताई

शरयूताईंची आणि माझी ओळख त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं त्या दिवशी झाली. प्राणिशास्त्राचा तास होता. सापाला दूध आवडतं असं म्हणतात, असं मी ऐटीत सांगितलं. “कोण म्हणतं?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, “सगळेच म्हणतात.” “मग सगळ्यांना घेऊन ये. तोवर बाहेर उभा राहा.” तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात होतो. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आणि वाटलं, बडोद्याच्या आपल्या अख्ख्या मराठी मंडळाला एकदा त्या व्हरांड्यात उभं करायला हवं होतं.

गौरव-अंकाच्या संपादकांनी मला फोनवर, आपल्या बडोदेकरी गुजराती ‘ने’सकट बजावलंय, “गौरव करा, पण त्या वादाचं काढू नका ने. अंक निष्पक्ष राहू दे.” ताईंच्या अध्यापनावर, शिस्तीवर, हातच्या चिवड्यावर इतरांनी भरभरून लिहिलं असेलच. मी त्या वादाबद्दलच लिहिणार. छापायचं की नाही ते संपादकांनी बघावं.

निवृत्तीनंतर ताईंनी मंडळातल्या आपल्या सगळ्यांना ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवलं. कारेलीबागेतल्या त्यांच्या दिवाणखान्यात आपण जमत असू. खातं कसं उघडायचं, संदर्भ कसा द्यायचा, लेखामागच्या चर्चापानावर आपलं मत कसं नोंदवायचं, हे सारं त्यांनी हाताला धरून शिकवलं. आपले अध्यक्ष भाऊसाहेब दर खेपेला पासवर्ड विसरत आणि ताई जराही न चिडता त्यांना नवा करून देत. वर्गातल्या ताई आणि घरातल्या ताई यांत असा फरक होता.

त्यांच्याकडे जीवशास्त्र शिकायला सलमा नावाची मुलगी येते. सिद्दी समाजातली. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून गुजरातेत आले. तिची मातृभाषा गुजराती. कॉलेजात एका मराठी मुलाने मोबाइलवर आपल्या मराठी ज्ञानकोशातला ‘वंश’ हा लेख उघडला आणि त्यातलं एक वाक्य गुजरातीत करून सगळ्यांदेखत तिला ऐकवलं. काही वंशांची बुद्धी जन्मतःच कमी असते, असं ते वाक्य. त्या संध्याकाळी मी ताईंकडे होतो. सलमा वही न उघडता बसून राहिली. मग तिने विचारलं, “मॅडम, आ साचुं छे?” हे खरं आहे का? ताई म्हणाल्या, “नाही. साफ खोटं.” “तो पछी लख्युं केम छे?” मग लिहिलंय कशाला? ताईंनी तिथेच तो लेख उघडला आणि ते वाक्य दोनदा वाचलं.

ताईंनी त्याच आठवड्यात आजच्या आनुवंशिकीचे संदर्भ देऊन ते वाक्य काढलं. कुणा टोपणनावाच्या गृहस्थांनी एका जुनाट पुस्तकाच्या आधारावर ते परत घातलं, शिवाय लेखाच्या माथ्यावर पाटी लावली की या लेखाच्या निष्पक्षतेबद्दल वाद आहे. असा वाद झाला की चर्चापानावर ज्ञानकोशात लिहिणाऱ्यांची मतं घेतात आणि त्यावरून वाक्य ठेवायचं की काढायचं ते ठरतं. ताईंनी आपणा सगळ्यांना फोन केले. एक ओळ लिहा, एवढंच मागणं होतं.

काय उत्तरं मिळाली, ती मी त्यांच्या शेजारी बसून ऐकली आहेत. “तुमचं बरोबरच आहे हो ताई, पण दोन्ही बाजू यायला हव्यात.” “आपण कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा?” “जाऊ दे ने, कोण वाचतं ते!” लाज वाटते सांगायला, यात दोन डॉक्टर होते. चर्चापानावर ताईंच्या बाजूने दोनच सह्या पडल्या. एक त्यांची, दुसरी माझी.

मग भाऊसाहेबांनी मध्यस्थी केली. ‘काहींच्या मते वंशागणिक बुद्धी भिन्न असते, तर काहींच्या मते नसते’, असं वाक्य त्यांनी सुचवलं. मंडळाच्या बैठकीत वाहवा झाली, केवढा समतोल! ताई उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमच्या लेकीला परदेशात कातडीचा रंग बघून घर नाकारलं, तेव्हा महिनाभर तुम्ही याच खोलीत संतापून बोलत होतात. त्या घरमालकाच्या मताला तेव्हा किती जागा दिलीत?” चहा आला, तो सगळ्यांनी घेतला. भाऊसाहेबांचं वाक्य मात्र लेखात गेलं. ताई ते काढत राहिल्या, म्हणून हेकेखोरपणाचा ठपका ठेवून ज्ञानकोशाच्या चालकांनी त्यांचंच खातं काही काळ गोठवलं. आपण सुसंस्कृत माणसं. आपण तेव्हाही गप्पच होतो.

आणि तरीही भाऊसाहेबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रोज सकाळी रिक्षाने जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्या ताईच होत्या. मी चिडून म्हटलं, “कशाला जाता?” तर म्हणाल्या, “अरे, डोळे अधू झालेत त्यांचे. त्याला काय दोन बाजू असतात?” मला हे जमलं नसतं. आजही जमत नाही.

खातं कधीच मोकळं झालंय. ते ‘काहींच्या मते’वालं वाक्य अजून तिथेच आहे. सह्या अजून दोनच आहेत.

आता समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं होतील. ताईंच्या सत्यनिष्ठेवर तुम्ही चार-चार पानं लिहून दिली आहेत असं कळतं. छान. एक ओळ लिहायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांनी चार पानं लिहिली. फक्त एक सांगून ठेवतो. गेल्या वर्षभरात सलमा ताईंकडून मराठी वाचायला शिकली आहे. ती सभागृहात येणार आहे, हा अंक तिच्या हातात पडणार आहे. तुमची नावं ती वाचेल. मग मोबाइल काढून ते चर्चापान उघडेल आणि तिथे हीच नावं शोधेल.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी अगदी मनापासून मागतो. पण त्यांच्या वयाची शंभर वर्षं भरेपर्यंत ते वाक्य जगू नये. तुमचे फोन तुमच्या खिशात आहेत. पासवर्ड विसरला असाल, तर ताई आजही नवा करून देतील.