मालुबाईंचे तपकिरी दात

वडगावच्या मालुबाईंनी मिश्री सोडली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी शोकसभा घ्यायची तेवढी बाकी ठेवली. माहेर निपाणीचं, भाजलेल्या तंबाखूची चिमूट हिरड्यांवर घासल्याशिवाय बाई कधी मागावर बसल्या नव्हत्या. पण हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मिश्री थांबवा, नाहीतर दात जातील. मालुबाईंनी डबी गटारात भिरकावली. "परत हात लावला तर मागाला शिवणार न्हाय!" विणकरणीनं यापेक्षा मोठी शपथ कुठली घ्यायची?

डॉक्टरीणबाईंनी ब्रश दिला आणि पंधरा दिवस चुळा भरायला औषध. औषधच जंतू मारतंय तर घासायचं कशाला, म्हणून मालुबाईंनी ब्रश मागावरची धूळ झाडायला घेतला. औषध मात्र बाटलीमागून बाटली आणून दोन महिने चालवलं. चूळ झाली की वर कडक चहा.

दात तपकिरी झाले.

"आत्ती, खरं सांगा," सून प्रियदर्शनी हळूच म्हणाली.

शेजारच्या नागुबाईनं हळूबिळू काही ठेवलं नाही. "नवी डबी कुठं लपवलीस गं मालू?"

मालुबाईंनी चालता माग थांबवला. "आळ फिटल्याबिगर मागाचा धोटा हलणार न्हाय. चला दोघी!" सुनेच्या स्कूटरवर नागुबाईला साक्षीदार म्हणून मधे कोंबलं आणि तिघी दवाखान्यात धडकल्या.

डॉक्टरीणबाईंनी आ करायला लावलं. "मिश्री नव्हे, औषधाचे डाग आहेत. फार दिवस वापरलं, वर चहा प्यायला की असे पडतात. निघतील. पण ब्रश कुठाय? दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. औषध वरवरचे मारतं, खालचे थराआड मजेत राहतात. आधी थर घासून काढायचा, औषध नुसतं मदतीला."

"म्हंजे सुतावर वाळल्याली खळ. नुसतं पाणी शिपडून निघत न्हाय," मालुबाई म्हणाल्या. "ह्ये आदी न्हाय का सांगायचं?"

"सांगितलं होतं. तुम्ही उठून निघाला होता."

डॉक्टरीणबाईंनी तिथंच दात साफ करून दिले. मालुबाई खुर्चीतून उतरल्या. "ऐकलंस न्हवं नागू? म्या तोंडाला लावली न्हाय."

"ऐकलं गं बाई. चुकलं माजं. चल आता."

"कुठं चाललीस? बस खुर्चीत."

"मी? मी साक्षीदार हाय!"

"कमरंची डबी काढ आदी," मालुबाईंनी तिचा दंड धरला. "डॉक्टरीणबाई, हिला आ करायला सांगा."