झाकलेले वाफे

लम्याईचा नवरा प्रयोंग एका सकाळी वाफ्यात वाकला तो पुन्हा उठलाच नाही. देवळातले विधी आटोपले, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी लम्याई विळा घेऊन शेतात गेली. ती रडली नव्हती. रडू आलंच नव्हतं.

ती थायलंडातल्या फोथारामच्या नदीकाठच्या कुंभाराची मुलगी. लग्न करून कुइछायच्या शेतात आली. लसणीच्या पातीसारखी ही भाजी. हिरवी पात कापायची आणि उरलेल्या ठोंबावर मडकं पालथं घालायचं. आत अंधारात पांढरेशुभ्र, कोवळे कोंब येतात. बाजारात त्यांनाच मान. ते कापले की मात्र ठोंब काही महिने उन्हात उघडे ठेवावे लागतात. त्या महिन्यांत काम नसे. प्रयोंग बांधावर खाट टाकायचा, लम्याईला शेजारी बसवून उगाच काहीबाही सांगत राहायचा.

या खेपेला पांढरी पात कापून झाली आणि लम्याईने मडकी पुन्हा जागच्या जागी पालथी घातली. वाकायचं, झाकायचं, पुढे सरकायचं. दिवस निघून जाई. पुन्हा कोंब आले, ते कापून आणखी एकदा तसंच.

पलीकडच्या गावात दिलेली तिची नणंद वन्ना भेटायला आली. बोलता बोलता तिने एक मडकं उचललं. आत दोऱ्यासारखे चार पिवळट कोंब आडवे पडले होते.

"वहिनी, हे उघडं ठेवलंच नाहीस?"

"नाही."

"अगं, पानं उन्हात स्वतःचं अन्न करतात. हवा नि पाणी घेऊन. उरलेलं खाली मुळांत साठवतात. अंधारात कोंब येतो तो त्या साठ्यावर. तू पानं येऊच दिली नाहीस, तर मुळं खाणार काय?"

"माहीत आहे मला," लम्याई म्हणाली.

माहीत होतंच. नवी नवरी असताना प्रयोंगनेच समजावलं होतं. पण ते आठवूनही आत काही हललं नाही. वन्नाने कारण विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "उघडं ठेवलं तर मी दिवसभर करू काय?"

 वन्नाने पदर खोचावा तसा कमरेला गुंडाळलेला सारोंग वर खोचला आणि मडकी काढायला लागली. लम्याई मागोमाग ती उचलून कडेला रचत गेली. संध्याकाळपर्यंत सगळं शेत उघडं पडलं.

निम्मे ठोंब कुजले होते. ते उपटून टाकावे लागले. वन्नाने आपल्या शेतातले आणून त्या जागी लावले. उरलेल्यांना उशिरा, विरळ हिरवी पात फुटली. थंडी येईपर्यंत ती कापायची नाही, असं वन्नाने बजावलं. लम्याईने मान डोलावली.

दुपारी ती बांधावर खाटेवर बसे. वारा आला की पात हले, थांबला की थांबे. एकदा वाटेवरच्या बाईने विचारलं, पांढरी कुइछाय कधी मिळेल? थंडीत, लम्याई म्हणाली, आणि पाण्याची झारी भरायला उठली.