तीन चान्सचा नियम

"तुमचा तिरंदाज मेला," नेने म्हणाला आणि माझ्यासमोरचा कागद त्याने काढून घेतला.

"एका सुईने?"

"सुई विषारी होती. पेटी न तपासता उघडलीत. फाशावर चौदा हवे होते, सहा पडले. खलास."

नेने आमचा प्रोसेस इंजिनिअर. ट्रेनिंगसाठी वर्षभर इंग्लंडला गेला होता. येताना एक जाड पुस्तक आणि आठ-आठ, वीस-वीस बाजूंचे फासे घेऊन आला. खेळ असा, की प्रत्येकाने कागदावर आपलं एक पात्र बनवायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार. एकजण गोष्ट सांगत जातो, "पुढे भुयार आहे, काय करता?" आपण सांगायचं. निकाल फाशांवर. तलवारीचा वार बसला तर थोडे गुण कमी होतात, पात्र जगतं. पण काही गोष्टींना सवलत नसते. विष, किंवा काही राक्षसांची नुसती नजर. तिथे एकच फासा टाकायचा, जगला नाहीतर मेला.

देवासच्या बॅचलर क्वार्टर्समध्ये रविवारी दुपारी आम्ही पाचजण हे खेळायचो. दोन महिने जपलेलं माझं पात्र एका मिनिटात गेलं. हसण्यासारखीच गोष्ट, पण मला दोन दिवस चैन पडलं नाही. नवीन पात्र केलं, आणि त्यानंतर मी त्या खेळात एकही पेटी काठीने टोचल्याशिवाय उघडली नाही.

इथे माझ्या डोक्यात माझ्या कामाचा विचार आला. मी खरे, सेफ्टी ऑफिसर. घर धारचं, नोकरी देवासला, सोयाबीनचं तेल काढणाऱ्या एका कारखान्यात. ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं. माझी लेक्चरं लोक चहा होईपर्यंत विसरत. मला मात्र ती सुई विसरता येत नव्हती.

माझी मोठी काळजी होती सांडपाण्याचा खड्डा. बारा फूट खोल, वर माणूस जाईल एवढं तोंड, आत लोखंडी शिडी. तळाच्या पंपाच्या जाळीत सोयाबीनची सालं अडकत. मग कोणीतरी उतरून ती हाताने काढायची. तळाचा गाळ सडून गॅस होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. गॅस वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. त्याहून जास्त असला तर उभा माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो.

उतरण्याआधी तीन गोष्टी करायच्या असत. ब्लोअरने हवा मारायची. दोरीला औषध लावलेल्या कागदाची पट्टी बांधून खाली सोडायची, काळी पडली तर उतरायचं नाही. आणि स्वतःच्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक वर एकाच्या हातात द्यायचं. या सगळ्याला पाऊण तास लागे. जाळी साफ करायला पाच मिनिटं.

मी ब्राउन पेपरवर प्लँटचा नकाशा काढला. सोड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा करून प्रत्येकावर एका कामगाराचं नाव रंगवलं. नेनेसारखीच गोष्ट सांगायला लागलो. "पंप बंद पड गया. अब क्या करोगे?" तीनपैकी एक गोष्ट राहिली की फासासुद्धा नाही. बूच उचलायचं आणि म्हणायचं, "मर गया."

कँटीनमधल्या पहिल्या क्लासला आठजण होते. दहा मिनिटांत पाच मेले. फोरमन भगवानसिंह तापला. "साहब, मैं तो बरसों से उतर रहा हूँ. ज़िंदा खड़ा हूँ आपके सामने."

मेलेल्या पाचांत पंप ऑपरेटर रामेश्वरही होता. हा अमझेऱ्याचा, म्हणजे आमच्या धारकडचा, चाळिशीचा, अबोल माणूस. दुसऱ्या दिवशी तो मला गेटवर भेटला. "साब, म्हारो नाम लिख्यो थो उस पे. रात भर नींद नी आई."

त्यानंतर रामेश्वर पट्टी सोडल्याशिवाय खड्ड्यात पाय ठेवेना. दोनदा पट्टी काळी निघाली, दोनदा त्याने तासभर ब्लोअर चालवला. दोन्ही वेळा सांडपाणी तुंबून मागचा प्लँट थांबला.

वर्क्स मॅनेजर माथुरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पण उत्पादनाचा रिपोर्ट त्यांनाच द्यावा लागे.

"खरे साहब, आप सिखा रहे हैं या डरा रहे हैं?"

"सर, डरना ज़रूरी है."

"एक गलती और आदमी ख़तम? ऐसा कौन सा खेल होता है? लोग अपशकुन मान रहे हैं. दो-तीन चान्स दीजिए, आराम से सीखेंगे."

मी वाद घालायला हवा होता. घातला नाही. रामेश्वरचा गेटवरचा उतरलेला चेहरा आठवला आणि साहेबांचं म्हणणं मला थोडं पटलंसुद्धा. पुढच्या क्लासपासून प्रत्येक बुचाला तीन चान्स. पहिल्या चुकीला डोकं दुखतं, दुसरीला चक्कर येते, तिसरीला मरण. क्लास एकदम खेळीमेळीचा झाला. भगवानसिंह दोन चान्स घालवून जिंकला. रामेश्वरचा एकच गेला. मी पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं. रजिस्टरवर सह्या झाल्या.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, नेने धावत माझ्या ऑफिसात आला. "रामेश्वर खड्ड्यात पडलाय."

भिंतीवरचा ब्रीदिंग सेट त्याने उचलला, दोन दोर मी घेतले. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, असा तो सेट. कारखान्यात एकच होता आणि मी तो फक्त प्रात्यक्षिकात घातलेला होता.

खड्ड्याभोवती पंधरा-वीस माणसं होती. ब्लोअर जागेवर नव्हता, पट्ट्यांचा डबा बंद. आत वाकून पाहिलं. रामेश्वर शिडीला पाठ लावून गुडघाभर गाळात बसल्यासारखा दिसत होता. मान एका बाजूला. हालचाल नाही.

भगवानसिंह शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होता. नाकाला गमछा बांधलेला. रामेश्वर त्याचा चुलत मेहुणा.

"ऊपर आ," मी म्हणालो.

"साँस रोक के जाता हूँ साहब. एक बार में थोड़ी कुछ होता है. चक्कर आया तो वापस आ जाऊँगा."

डोकं दुखतं, मग चक्कर येते. हे त्याला मी शिकवलं होतं. चक्कर हे त्याच्या लेखी परत फिरायचं ठिकाण होतं. मी त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली.

"वो खेल गलत था. मैंने गलत बनाया था. यहाँ कोई चान्स नहीं है, भगवान. उतरा तो मरा."

मग नेनेने आणि दुसऱ्या एकाने त्याला काखेत धरून वर ओढलं.

मी सेट चढवला. बकल नेनेने लावलं आणि माझ्या कमरेच्या दोराचं टोक हातात धरलं. मला जाड भिंगांचा चष्मा. काड्यांमुळे मास्कच्या कडेला फट राहते, म्हणून तो काढावा लागला. नळी मुठीत दाबून श्वास घेऊन पाहिला. मास्क गालांना चिकटला पाहिजे. एकदा चिकटला. खात्री वाटली नाही, पुन्हा पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, "जल्दी करो साहब." तरी मी तिसऱ्यांदा पाहिलं.

शिडीच्या त्या बारा फुटांमध्ये मी एकच विचार केला, आत्ता वास आला तर तो शेवटचा. चष्म्याशिवाय खाली सगळं करडं, धुरकट. स्वतःचा श्वास कानात एवढा मोठा, की वरचे काय ओरडताहेत ते कळेना. रामेश्वरच्या काखेतून दुसरा दोर घालताना त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. गाठ मारली ती सुटली. बोटं ओली होती. दुसरी मारली, ओढून पाहिली, दोराला तीन हिसके दिले. तो वर गेला. त्याचा एक बूट गाळातच राहिला. मी एकटा खाली उभा होतो आणि मला शिडी सापडेना. ती माझ्या पाठीमागेच होती.

वर आलो तेव्हा रामेश्वर निळा पडलेला. कंपाउंडरने ऑक्सिजन लावला होता. कंपनीच्या जीपमधून त्याला इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. त्या दुपारी मी अमझेऱ्याच्या बसची वेळ विचारून ठेवली होती. त्याच्या बायकोला मीच सांगायला हवं होतं. काय सांगायचं, ते मात्र जुळत नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. जगला. पण हात कापायचे ते कायमचे, आणि बोलताना नावं हरवायची. माझं नाव तो प्रत्येक भेटीत नव्याने विचारायचा. पंपावर तो परत आला नाही. त्या दिवशी का उतरलास, असं मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "दो मिनिट को काम थो."

चौकशीच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं की प्रशिक्षणातला मृत्यूचा नियम मी सौम्य केला होता, आणि त्यामुळे लोकांचा चुकीचा समज झाला.

"ये लाइन काट दीजिए," माथुरसाहेब म्हणाले. "ट्रेनिंग हुई थी, साइन है. बस."

"साइन है, सर. इसीलिए नहीं काटूँगा."

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग खाली स्वतःची सही केली. मला मेमो मिळाला. त्यांनाही मिळाला असावा, ते कधी बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात क्लास पुन्हा सुरू केला, पहिल्या नियमाने. एक चूक, बूच उचललं, आणि माणूस कँटीनबाहेरच्या बाकावर. भगवानसिंह कमरेचा दोर बांधायला विसरला. मी बूच उचललं. तो उठला आणि क्लास संपेपर्यंत बाहेर बसून राहिला.

बाकीचे मात्र चिडत. ही सक्ती आहे, साहेब माणुसकी सोडून वागतात, असं मागे बोलत. निवृत्त होईपर्यंत मी ते ऐकलं. चिडलेल्या माणसाची समजूत घालता येते. त्यासाठी तो खड्ड्याच्या वर असावा लागतो, एवढंच.