भिंगरीची जागा

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला मास्तर नव्हे तो, ड्रायव्हिंग स्कूलमधला. रस्त्याला लागून एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे पुठ्ठे, दाराशी उभी असलेली छोटी पांढरी गाडी आणि तिच्या पुढेमागे लाल रंगातला 'एल'. त्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा मास्तरांच्या. आमच्या भागात जो कोणी गाडी चालवतो, त्याने कधी ना कधी माझ्या भावाच्या शेजारी बसून घाम गाळलेला असतो.

त्याचा लौकिक असा, की त्याचा विद्यार्थी नापास होत नाही. यामागचं गुपित मीच सांगते, कारण तो सांगणार नाही. ज्या मैदानावर परीक्षा होते त्याच मैदानावर, त्याच वळणांवर तो माणसाला इतकं फिरवतो, की त्याला झोपेतून उठवून बसवलं तरी तो गाडी मागे घेऊन दाखवील. शिवाय शिकवताना तो डॅशबोर्डवर बोटाने टकटक करतो. एकदा टक म्हणजे आरसा बघ, दोनदा म्हणजे वेग कमी कर. तोंडाने सांगितलं की माणूस गडबडतो, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याकडे गाडी शिकले नाही. धाकट्या भावाने माझ्यावर टकटक केलेली मला खपली नसती.

मी दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मधेच घुसणाऱ्यांना मागे धाडायचं आणि फोनवर ओरडणाऱ्यांना ताळ्यावर आणायचं, हे माझं काम. त्यामुळे माझी जीभ जरा तिखट आहे. घरचे म्हणतात, जरा नाही.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी खाली आणि तो वर. त्याला एकच मुलगी, सात वर्षांची. तिला भिंगरी हे नाव मी दिलं. हाताला लागेल ते झाकण ती जमिनीवर गरगर फिरवते आणि ते डुलत डुलत पडेपर्यंत जमिनीला कान लावून ऐकत राहते. दिसायला अशी गोड, की बघत राहावं. बोलते, पण आपलेच शब्द आपल्याला परत देते. 'पाणी हवं का?' विचारलं, की तीही म्हणते, 'पाणी हवं का?' तहान लागली आहे की नाही, ते आपण ओळखायचं. कुठे मोठा आवाज झाला, की दोन्ही कान घट्ट दाबून जे जवळ असेल त्याच्या खाली शिरते.

तिच्या शाळेत एकेका वर्गात मुलं नुसती कोंबलेली. वर्गाच्या बाई मात्र भल्या होत्या. त्यांनी भाऊ-भावजयीला बोलावून सरळच सांगितलं, की घंटा झाली की ही बाकाखाली जाते आणि मला वाकून बघायलाही सवड होत नाही, हिला इथे ठेवलंत तर ही बाकाखालीच मोठी होईल. त्यांनीच दुसऱ्या एका शाळेचं नाव सुचवलं. तिथे अशा मुलांसाठी एक छोटा वर्ग होता. मोजकी मुलं, दोन शिक्षिका, आणि घंटेऐवजी दिवा लागायचा. त्या वर्गात एक जागा रिकामी होती आणि महिनाअखेर ती कुणाला तरी मिळणार होती. कुणाला, ते शाळेतली तीन माणसं मुलांची चाचणी घेऊन ठरवणार होती.

माझ्या भावाने यातला 'चाचणी' हा एकच शब्द ऐकला आणि बाह्या सरसावल्या.

भावजय लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला आहे. बोलते कमी, पण बोलते ते विचार करून. ती म्हणाली, आपण हिला आहे तशीच नेऊ या. त्यावर याने तिला सुनावलं, की बिनतयारीचं मी परक्या माणसालासुद्धा परीक्षेला नेत नाही, ही तर माझी मुलगी आहे. तो आधी जाऊन आलेल्या आईबापांना भेटला, तिथे काय काय विचारतात ते काढून आणलं. घरातलं टेबल खोलीच्या मधोमध ओढलं, समोर तीन खुर्च्या मांडल्या आणि रोज सराव सुरू झाला. टेबलाखाली भिंगरीचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवायचा आणि त्या हातावर बोटाने टकटक करायची. एकदा टक, वर बघ. दोनदा, नाव सांग. तीनदा, थँक यू म्हण. भिंगरीला ठेका आवडतो, ती हरखून जायची. एक दिवस मी दारात उभी राहून सगळा प्रकार बघितला आणि विचारलं, 'अरे, तिला शाळेत घालायचंय की तिचं लायसन्स काढायचंय?' माझ्याकडे न बघता तो म्हणाला, की ताई, सराव चालू आहे, दार लावून घे. घेतलं लावून. माझं ऐकतो कोण!

चाचणीला ती तिघंच गेली. समोर मुख्याध्यापिका, लहान मुलांचे एक डॉक्टर आणि मुलांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई. भावजयीने मला नंतर सगळं सांगितलं. भिंगरीने वर बघितलं, नाव सांगितलं, रंग ओळखले, ठोकळ्यावर ठोकळा ठेवला, थँक यू म्हणाली. कुठे अडखळली नाही, खुर्चीवरून हलली नाही. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, की तुम्ही तयारी फार छान करून घेतली आहे, हिला आमच्या छोट्या वर्गाची गरज दिसत नाही, आहे त्या शाळेतच राहू द्या. माझ्या भावाने यातलं पुढचं काही ऐकलंच नाही. 'फार छान' एवढं ऐकलं आणि त्याची छाती फुगली.

जिन्यातूनच त्याने मला हाक मारली, पास झाली म्हणून. मी बाहेर आले. हा पुढे, तोंडभर हसत. मागून भावजय भिंगरीला कडेवर घेऊन येत होती आणि तिचा चेहरा पार उतरलेला. तिने मुलीला खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, 'ती पास झाली म्हणूनच तिला जागा मिळाली नाही. तुमच्या अजून लक्षात येत नाहीये का?'

तो काही क्षण तसाच हसत राहिला. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात भिंगरी सुटली. इतका वेळ जे काही दाबून धरलं होतं, ते सगळं बाहेर आलं. माझ्याच घरात शिरून जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि दिवे लागेपर्यंत रडत होती. कुणी हात लावला की आणखी रडायची. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. भावाचं तोंड बघितलं आणि सगळं गिळलं.

पुढचं त्याने मला स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे दातांच्या डॉक्टरीणबाई शिकायला होत्या. त्याच्या लाडक्या विद्यार्थिनी, गाडी अगदी झोकात चालवायच्या. त्या दिवशी मोठ्या चौकाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाल्या, 'मास्तर, तुमचा पाय ब्रेकवर आहे ना? काढा तो. मला काय येत नाही ते दिसलंच नाही, तर मी शिकणार काय?' मास्तरांनी पाय मागे घेतला. गाडी भर चौकात बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. बाई घामाघूम झाल्या, पण चौक त्यांनीच पार केला.

दुपारी मी मान वर करते तो माझा भाऊ दवाखान्यात पेशंटच्या रांगेत उभा. ऑफिसला कुलूप लावून आला होता. त्याचा नंबर आल्यावर म्हणाला, की शाळेला फोन केला, मुख्याध्यापिका आजच भेटायला या म्हणाल्या, बायकोला सुट्टी मिळत नाहीये, तू चल. आणि तूच बोल त्यांच्याशी, तुला बोलता येतं.

मी म्हटलं, 'मला भांडता येतं. बोलायचं तुला आहे. बाप तू आहेस.'

तरी गेले. भिंगरीला तिच्या शाळेतून परस्पर घेतलं आणि तिघंही तिथे पोचलो. तीच खोली, तीच तीन माणसं. मुख्याध्यापिकांनी विचारलं, की काय राहून गेलं होतं? माझा भाऊ खुर्चीवर बसलाच नाही. चारचौघांत आवाज न चढवता बोलायची त्याला सवयच नाही, त्या दिवशी मात्र आवाज फुटेना. हळूच म्हणाला, 'मॅडम, काल माझी मुलगी परीक्षेला बसलीच नव्हती. गाडी मी चालवत होतो. ती नुसती स्टिअरिंग धरून बसली होती.'

आणि मग त्याने टकटक सांगितली, गुडघा सांगितला, सगळं सांगितलं. थेरपिस्ट बाई शांतपणे म्हणाल्या, की ती उत्तराआधी प्रत्येक वेळी टेबलाखाली बघत होती हे मी पाहिलं होतं, पण नुसत्या शंकेवर काय बोलणार?

मग तो भिंगरीला काय येत नाही ते सांगायला लागला. आपलं काही दुखतंय हे तिला सांगता येत नाही. एकदा दारात बोट चेमटलं, ते काळंनिळं झालं तरी ती दिवसभर तशीच फिरत होती, रात्री आईला दिसलं. रोजचा रस्ता बदलला की ती भर रस्त्यात आडवी होते. केस धुवायला दोन माणसं लागतात. वर्गात एकही मैत्रीण नाही, कुणाचं नावसुद्धा ती घेत नाही. आपल्या मुलांची बक्षिसं सांगत सुटणारे बाप मी रोज बघते. माझा भाऊ एकेक उणीव सांगत होता आणि दर वाक्यागणिक आणखी ताठ उभा राहत होता. शेवटी कुणी न विचारताच म्हणाला, की माझी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हिला आवाजावरून कळतं, दुसरी तशीच गाडी आली तर ही जागची हलत नाही.

मला रडू आलं. सरळ सांगते, दवाखान्यात मी कुणासमोर कधी रडले नाही, तिथे रडले.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग आता तिला आमच्याजवळ एकटीला ठेवा. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, पाठोपाठ भिंगरीची किंकाळी. भावाचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. मी त्याला धरलं नाही. त्याने हात मागे घेतला आणि परत येऊन बसला. आत ती रडत होती आणि बाहेर तो उजवा पाय जमिनीवर असा दाबून बसला होता, की मांडी थरथरत होती. आईचं आजारपण त्याने काढलं, धंदा बुडता बुडता सावरला, तेव्हाही मी त्याला शाबास म्हटलं नव्हतं. त्या बाकावर म्हटलं. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

रडणं हळूहळू कमी झालं, मग थांबलं. दार उघडलं तेव्हा खुर्च्या इकडे तिकडे झालेल्या, ठोकळे खोलीभर पसरलेले. भिंगरी टेबलाखाली होती आणि तिच्या शेजारी थेरपिस्ट बाईही टेबलाखालीच, पाय पोटाशी घेऊन, केस विस्कटलेले. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'जागा हिचीच आहे. सोमवारपासून आणा.'

सवयीने माझ्या भावाने लगेच विचारलं, की तोवर तयारी काय करून घेऊ?

'काही नाही,' त्या म्हणाल्या. 'तिला झोपू द्या नीट.'

सोमवारी आम्ही चौघंही गेलो. भावजयीने सुट्टी मागितली नव्हती, येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं. गेटापाशी एक बाई आपल्या मुलाचा हात धरून उभी होती, तिचाही पहिलाच दिवस असावा. मुलगा भिंगरीएवढाच. तिने आधी आजूबाजूला बघितलं, मग माझ्या भावाजवळ सरकून अगदी खालच्या आवाजात विचारलं, 'तुमची मुलगी बोलते का हो?'

'नाही,' माझा भाऊ म्हणाला, 'मनातलं नाही सांगता येत तिला अजून.' आणि हे त्याने आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या. गेटावरच्या माणसाने वळून बघितलं. ती बाई आधी दचकली, मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तीही मोठ्याने म्हणाली, 'आमचाही नाही.'