निखाराची शीळ

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बायकोची खाट मी खिडकीशी लावली. आमचं घर मोरिवलीत, कारखान्याच्या भिंतीमागे, तळमजल्यावर. समोर मोकळा रखरखीत प्लॉट आणि एक बाभूळ. त्या उन्हाळ्यात निखाराच्या जोडीने तिच्यावर पणतीएवढं घरटं केलं. चिमणीहून लहान पक्षी, पण नराची छाती पेटल्यासारखी केशरी.

मोबाईलवर त्याचीच शीळ लावली, की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो धावून येतो. हौशी फोटोवाले हेच करतात. मीही लावली. तो थेट खिडकीच्या गजावर येऊन बसला, मान वळवून शोधू लागला.

आजारपणानंतर बायको पहिल्यांदा हसली. "अहो, तुमच्यापेक्षा हा बरा. हाक मारली की येतो तरी."

त्याच्या चोचीत हिरवी अळी होती. घरट्यात पिल्लं आहेत, त्यांना उपाशी ठेवून हा इथे आलाय, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी शीळ पुन्हा लावली. रोज लावत राहिलो.

मग एकदा ती म्हणाली, "दुपारी करमत नाही हो. जुना फोन ठेवून जा ना."

तिच्या बोटांना बटण दाबता येत नव्हतं. म्हणून मी शीळ रिपीटवर टाकली, फोन चार्जरला लावून खिडकीत ठेवला आणि ड्युटीवर गेलो.

संध्याकाळी फाटकापासूनच शीळ ऐकू आली. खिडकीत पक्षी नव्हता. बायकोची उशी भिजली होती.

"आधी ते बंद करा."

मग अडखळत सांगितलं. नर-मादी दोघं खिडकीशी घिरट्या घालत होती, तेवढ्यात बाभळीवर कावळा उतरला. "हाड म्हणायला गेले, तर आवाजच निघेना. फोनपर्यंत हात पोचेना."

बाहेर घरट्याच्या चिंध्या लोंबत होत्या.

"मीच हट्ट केला," ती म्हणाली. "मीच मारली पिल्लं."

अळीचं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिचं तोंड पुसलं आणि म्हणालो, "कावळा काय, कधीतरी आलाच असता गं."

तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने खाट फिरवायला लावली. पावसाळा संपायच्या आत ती गेली, तेव्हाही तिचं तोंड भिंतीकडेच होतं.