हळू आवाजातली पाहणी

माझी आत्या सरकारच्या मूल्यमापन विभागात आहे. कायदाच तसा आहे: प्रत्येक सरकारी योजनेची दर पाच वर्षांनी पाहणी करायची, आणि लोकांना तिचा उपयोग होत नसेल तर ती गुंडाळायची. आत्या एकोणीस वर्षं हेच काम करते आणि अगदी मन लावून करते. घरी आलेल्या पाहुण्याला ती "चहा कसा झालाय?" असं विचारत नाही, "गेल्या खेपेपेक्षा बरा की वाईट?" असं विचारते. आम्ही तिला तपासनीस म्हणतो. तिला ते आवडतं.

यंदा तिच्या वाट्याला म्हाताऱ्या माणसांना कानाचं मशीन फुकट देण्याची योजना आली. सहा पाहणीदारांनी मशीन मिळालेल्या म्हाताऱ्यांची तीनशे घरं पालथी घातली. प्रत्येकाला मशीन लावून दहा प्रश्न विचारायचे, मग मशीन काढून दुसरे दहा, आणि किती ऐकू आले ते लिहायचं. आकडे हातात आले आणि आत्याचा चेहरा उतरला. मशीन लावून दहापैकी नऊ, काढूनही नऊ! म्हणजे ते असलं काय नि नसलं काय. असा निकाल गेला की योजना बंद, आणि यादीत नाव देऊन वाट बघत बसलेली चारशे माणसं तशीच बहिरी राहणार. सोमवारी अहवालावर तिची सही व्हायची होती.

रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली. आजोबा, म्हणजे तिचे वडील, खिडकीशी बसून कात्रीला धार लावत होते. त्यांच्याही कानात मशीन असतं, पण ते दुकानातून विकत घेतलेलं. आत्या दारातूनच नेहमीच्या वरच्या पट्टीत म्हणाली, "बाबा, नाश्ता झाला का?"

आजोबांनी शांतपणे मशीन काढलं आणि खिशात टाकलं.

"काढलंत कशाला?" आत्या आणखी वर.

"तू आलीस की त्याची गरज पडत नाही. तुझं नुसत्या कानांनी ऐकू येतं. समोरच्या बिल्डिंगलाही येत असेल."

मला हसू आवरेना. आत्या मात्र हसली नाही. तिने पिशवीतून पाहणीदारांना दिलेलं सूचनापत्रक काढलं आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं: वृद्धांशी मोठ्याने व स्पष्ट बोलावे. ती ओळ तिनेच घातली होती, चांगल्या मनाने. आणि सहाही जणांनी ती इमानेइतबारे पाळली होती. तीनशे घरांत ते घसा फुटेस्तोवर ओरडले होते, मग मशीन काढून ठेवलेल्यालाही ऐकू येणार नाही तर काय होणार!

"माझीच चूक," ती म्हणाली. खरं सांगते, तिचा चेहरा उजळला होता. पगारवाढ झाल्यावर लोकांना होतो तेवढा आनंद हिला चूक सापडल्यावर होतो.

सोमवारी साहेब म्हणाले, "बाई, पाहणी पुन्हा करू. पण का केली ते अहवालात येणार. तुमच्या नावानिशी. कायदा आहे."

"येऊ द्या की. ते पान मीच लिहिते."

तीन आठवड्यांची मुदत मिळाली. चौथी ओळ बदलली: घरात रोज बोलतो तेवढ्याच आवाजात बोलावे. साठ घरं आत्याने स्वतः केली. सवय मोडेना, म्हणून निघण्यापूर्वी आरशासमोर हळू बोलण्याचा सराव करायची. या वेळी मशीन लावून आठ आले, काढून तीन. योजना राहिली. आपली चूक छापलेलं पान आत्याने आम्हाला जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं, बक्षीस मिळाल्याच्या थाटात. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि मी तिला तसं सांगितलंही.

पुढच्या रविवारी ती स्वयंपाकघरात माझ्याबरोबर भाजी चिरत होती. सरावाने आवाज आता खाली आलेलाच होता. म्हणाली, "बाबा थकलेत गं. पण दिसतात किती छान."

"थकलो नाहीये," बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं.

आत्याची सुरी थांबली. तिने दारातून डोकावून पाहिलं. मशीन कानात होतं.

"आज काढलं नाहीत?" तिने हळूच विचारलं.

"आज तू बोलतेयस ना," आजोबा म्हणाले.